पाणी घालणारी

मनूबियाने हंड्यात कोपर बुडवून पाहिलं आणि चुलीतलं एक लाकूड बाहेर ओढलं. पाणी कोमट हवं, जिवंत माणसाला सोसेल इतपतच. तिने पुरचुंडी सोडली, बोरीचा वाळलेला पाला तळहातावर चुरला आणि हंड्यात सोडला. दाराशी उभ्या असलेल्या पोलिसाने वाकून आत पाहिलं. त्याचा एक बूट उंबऱ्याच्या आत आला.

"बूट बाहेर," ती मागे न वळता म्हणाली.

"मावशी, मला इथंच उभं राहायचा हुकूम आहे."

"उभा राहा की. उंबऱ्याच्या पलीकडे राहा. आत बाईमाणसाची अंघोळ आहे. तुझ्या घरी कुणी गेलं तर मी असे बूट घालून येईन का?"

पोलीस वीस-बावीस वर्षांचा असेल. किनाऱ्याकडच्या गावचा, बोलण्यावरून कळत होतं. त्याने बूट मागे घेतला आणि पाठ फिरवली.

कबरस्तानाच्या भिंतीला लागून असलेली ती एकच खोली. मधोमध दगडी चौथरा, त्याला मोरीकडे किंचित उतार. चौथऱ्यावर हेंदा होती. दवाखान्याच्या राखाडी चादरीखाली, गळ्यापर्यंत झाकलेली. डोक्याला पांढरी पट्टी होती, भुवयांपासून वर, गच्च गुंडाळलेली. मनूबियाने ती पट्टी आल्याआल्याच पाहिली होती. एकतीस वर्षांत तिने पुष्कळ पट्ट्या सोडवल्या होत्या. इतकी कोरी एकही नव्हती.

हेंदा सव्वीस वर्षांची. भूगोलाची पदवी घेऊन चार वर्षं घरी बसलेली. आईच्या भट्टीवर रोट्या थापायची आणि शाळेसमोर विकायची. खाणीने भरतीची यादी लावली तेव्हा तिचं नाव तिच्यात नव्हतं. ज्यांची नावं होती त्यांच्यातल्या अर्ध्या लोकांना गाव ओळखत नव्हतं. नऊ दिवस पोरंपोरी खाणीच्या कचेरीसमोर बसली. परवा दुपारी पोलिसांनी गोळ्या झाडल्या. गर्दी फुटली, आणि रस्ता मोकळा झाला तेव्हा हेंदा न्हाव्याच्या दुकानासमोर पडलेली होती. जीपमध्ये घालून तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. दोन दिवस घरच्या कुणालाही भेटू दिलं नाही. आज सकाळी कागद आला, की कचेरीच्या पायऱ्यांवरून पडून डोक्याला मार लागला, त्यातच मृत्यू झाला. सोबत अटी होत्या. दुपारच्या आत दफन करायचं. मिरवणूक काढायची नाही. अंघोळीच्या खोलीत घरचं कुणी जायचं नाही. या तिन्हींवर तिच्या भावाने, वनीसने, सही केली तेव्हा मढं मिळालं.

त्याच वनीसने तासाभरापूर्वी कबरस्तानाच्या फाटकाशी मनूबियाला अडवलं होतं. दाढी वाढलेली, डोळे लाल, अंगात बहिणीचाच लोकरी कोट. थंडीत दुसरं काही सापडलं नसेल.

"मावशी, मी जास्त काही विचारत नाही. डोक्याला लागलंय का, आणि नसेल तर कुठं, एवढंच सांगा. वकील म्हणतो, एकदा माती पडली की सगळं संपलं. पुन्हा उकरायला परवानगी मिळत नाही."

"वनीस, बाळा, मी आत पाहिलेलं बाहेर बोलत नाही."

"माझ्याशीसुद्धा?"

"कुणाशीच नाही."

"मग तुम्हीही त्यांच्यातल्याच," तो म्हणाला, आणि लगेच शरमून त्याने तिच्या हातातली पाल्याची पिशवी घेतली नि दारापर्यंत पोचवली.

हे काम सासूने तिच्या हाती दिलं तेव्हा अट एकच घातली होती. चौथऱ्यावर आलेल्या बाईला आता स्वतःला झाकता येत नाही, तेव्हा झाकायचं काम तुझं. चादर काढायची नाही, हाताला कापड गुंडाळून तिच्याखालूनच धुवायचं, आणि जे दिसलं ते तिथंच सोडून यायचं. गावातल्या बायकांनी खोदून खोदून विचारलं होतं. नोटरीच्या बायकोला खरंच टक्कल होतं का? मुख्याध्यापिकेच्या पोटावर वळ होते म्हणे? मनूबिया म्हणायची, "तुझी पाळी येईल तेव्हा तुझ्याबद्दलही असंच विचारतील. काय सांगू तेवढं आत्ताच ठरवून ठेव." बायका हसायच्या आणि विषय बदलायच्या.

एकदाच तिला त्या अटीचं ओझं झालं होतं. सहा वर्षांपूर्वी औषधवाल्याची सून आली, झोपेत गेली म्हणून. तिच्या गळ्यावर पाच बोटं उमटलेली होती. मनूबियाने कफन हनुवटीपर्यंत वर ओढून बांधलं आणि घरी गेली. पुढच्या वसंतात त्या घरी दुसरं लग्न झालं, आणि खजुराच्या मिठाईचं ताट तिच्याकडेही आलं. तिने ते शेळ्यांना घातलं होतं.

बाहेर जीप थांबली. फौजदार लझहर आत आला नाही. उंबऱ्यापाशी थांबला, टोपी काढून काखेत धरली. याच गावचा, याच कबरस्तानामागच्या गल्लीत वाढलेला. त्याच्या आजीला शेवटची अंघोळ मनूबियानेच घातली होती.

"झालं का, मावशी?"

"सुरूच केलं नाही. पाणी घालायला कुणी नाही."

"तुमची ती मबरूका कुठाय?"

"मबरूका पोरीची सख्खी आत्या. तुझ्या कागदात घरचं माणूस चालत नाही."

लझहरने कपाळ चोळलं. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "एकटीनं उरका ना आज. वेळ नाही. साडेअकरापर्यंत सगळं आटोपलं पाहिजे, वरून फोनवर फोन येतायत."

"एका हातानं तिला धरायचं, दुसऱ्यानं चोळायचं. पाणी कोण घालणार, तू?"

"तिच्या घरची नको, तिच्या गल्लीतली नको. बाकी कुणीही आणा."

"बाकी कोण येणार आज? दारात बंदुका उभ्या आहेत." मनूबियाने चुलीतलं लाकूड उगाचच हलवलं. "तुझ्या आईला बोलव."

त्याने टोपी दुसऱ्या काखेत धरली.

"दहा वर्षं दलेंदाच पाणी घालायची माझ्याबरोबर. तू नोकरीला लागलास, तिकडं नव्या वसाहतीत गेलात, तेव्हा सुटलं. तिला काही शिकवावं लागणार नाही."

लझहरच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सैल झाला. आपलीच आई. याहून भरवशाचं माणूस कुठून आणणार? "घेऊन येतो," तो म्हणाला आणि जवळजवळ पळतच जीपकडे गेला.

त्या घटकेला मनूबियाच्या मनात दुसरं काही नव्हतं. निदान पुढे तिने स्वतःला तसं सांगितलं.

दलेंदा आली ती जुना सुती झगा घालून, बाह्या आधीच कोपरापर्यंत वळवलेल्या. पायात मात्र नव्या चपला होत्या, मऊ, तपकिरी. त्या तिने दाराबाहेर नीट जोडीने ठेवल्या. आत येऊन तिने हंड्यात बोट घातलं.

"अजून तसंच! इतकं गरम पाणी घालतेस, म्हणून तर बिचाऱ्या एवढ्या घाईनं स्वर्गाकडं पळतात."

"तुझी कातडी नाजूक झालीय. नळाचं गरम पाणी मिळतं ना आता."

"मिळतं बाई. दिवसातून दोन तास, तेही गार."

दोघी हसल्या, हलक्या आवाजात, मग दोघींच्याही लक्षात आलं आणि थांबल्या. दलेंदा चौथऱ्याजवळ गेली. चेहरा पाहून तिने ओठ आवळले.

"ही तर रोटीवाल्या रेबाहची. माझ्याकडं यायची ना लहानपणी, लझहरचा जुना सदरा घालून. केवढी झाली." तिने चादरीची कड सारखी केली. "लझहर सांगत होता. पायऱ्यांवरून पडली म्हणे, चेंगराचेंगरीत. आपल्या पोरांनी गोळ्या वरच्या वर झाडल्या, कावळ्यांवर. कुणाला लागलीच नाही. पण लोक न्हाव्याच्या दुकानाचं काय काय बोलतात, मनूबिया. दुकानात कुणी माझ्याशी बोलत नाही. दोन दिवस झाले, पोरगा जेवला नाही की झोपला नाही."

"बिस्मिल्ला कर," मनूबिया म्हणाली. "पाणी घे."

चौथऱ्यापाशी बोलायचं नाही, हे दलेंदाला आठवण करून द्यावं लागलं नाही. तिने तांब्या भरला. मनूबियाने उजव्या हाताला कापड गुंडाळलं. दहा वर्षांची मोडलेली सवय पाचसहा तांब्यांत परत आली. एकीने मनगट उचललं की दुसरीचं पाणी तिथे पोचलेलं असायचं. हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाहू. हेंदाच्या नखांत पीठ होतं, वाळून कडक झालेलं. मनूबियाने काडीने एकेक नख साफ केलं.

मग डोकं. केस मोकळे करून धुवायचे, विंचरायचे, तीन वेण्या घालून मागे सोडायच्या. केस पट्टीखाली ठेवून बाईला दफन करत नाहीत. ज्या कुणी ती पट्टी बांधली त्याला हे ठाऊक नसावं. पुरुष पुरुषांनाच धुतात, आणि त्यांना वेण्या नसतात.

मनूबियाने पट्टीचं टोक शोधलं आणि ते दलेंदाच्या हातात दिलं. स्वतः मान उचलून धरली.

दलेंदा पट्टी उलगडू लागली. एक वेढा, दुसरा, तिसरा. डाग येईल म्हणून ती प्रत्येक वेढ्याला हात हळू करत होती. सातवा वेढा सुटला. शेवटचा सुटला. आतला कापूसही दुकानातून आणल्यासारखा पांढरा. तिने तो उचलला, उलटा करून पाहिला आणि पट्टीशेजारी ठेवला.

"पाणी," मनूबिया म्हणाली.

दलेंदाने दोनदा पाणी घातलं. पाण्याबरोबर केसांतून थोडं पीठ वाहून गेलं आणि मोरीशी पांढरं होऊन थांबलं. मग तिने तांब्या खाली ठेवला, कंगवा घेतला. कंगवा कपाळापासून मागे गेला, कुठे अडला नाही. तिने कंगवाही ठेवला आणि बोटांनी चाचपायला लागली. टाळू, दोन्ही कानांमागे, मानेवरची खळगी. लहान पोरीच्या डोक्यात उवा शोधाव्यात तशी, बट बट बाजूला करून. पुन्हा पहिल्यापासून.

"मनूबिया, अगं हिच्या..."

मनूबियाने तिच्याकडे पाहिलं नाही. "तीनदा धुवायचं असतं. दोनदाच झालं."

दलेंदाने तिसरा तांब्या घातला. या वेळी धार डगमगली आणि अर्धं पाणी चौथऱ्यावर सांडलं.

उजवी कूस झाली. चादरीखालून मनूबियाचा हात खांद्यापासून पावलापर्यंत गेला. डावी कूस झाली. छाती, पोट, बरगड्या, सगळं नितळ होतं. दोघींनी मिळून हेंदाला उजव्या अंगावर वळवलं, पाठ मनूबियाकडे आणि चेहरा दलेंदाच्या बाजूला. मनूबियाचा कापड गुंडाळलेला हात चादरीखालून पाठीवरून खाली सरकला आणि दोन खांद्यांच्या मधे, डावीकडे किंचित, थांबला.

कापडातूनही कळलं. बोटाच्या पेराएवढं भोक. दवाखान्यात कुणीतरी त्यात बोळा कोंबला होता, तो भिजून घट्ट झाला होता. गोळी आतच राहिलेली.

तिने बोळा काढला. पाण्याला रंग आला. ती धूत राहिली, रंग जाईपर्यंत. अशा जागा तिला नव्या नव्हत्या. शस्त्रक्रियेचे न भरलेले घाव, वर्षानुवर्षं अंथरुणात पडलेल्यांची चिघळलेली पाठ. स्वच्छ कापूस भरायचा, वरून कापडाची पट्टी छातीभोवती आवळून बांधायची, म्हणजे कफनावर डाग येत नाही. बांधताना कापूस दाबून धरण्यासाठी ती आपला गुडघा चौथऱ्यावर टेकवायची, कोपराने दाब द्यायची आणि दोन्ही हात मोकळे करायची. शेकडो वेळा तिने ते एकटीने केलं होतं. पाणी घालणारीला तिने त्यात कधीच घेतलं नव्हतं.

तिने कापूस भरला. पट्टीचा एक पदर अंगाखालून सरकवला. गुडघा टेकवायला पाय उचलला आणि तसाच परत खाली ठेवला.

बाहेर लझहर कुणाशी तरी फोनवर बोलत होता. होय साहेब. होतच आलंय साहेब. काही अडचण नाही.

"दलेंदा," मनूबिया म्हणाली, "हात दे इकडं."

"कुठं?"

"चादरीखालून. इथं दाबून धर. मला गाठ मारायचीय."

दलेंदा वळसा घालून तिच्या शेजारी आली. तिचा हात चादरीखाली शिरला. मनूबियाने तिचं मनगट धरलं आणि नेमक्या जागी नेऊन सोडलं. मग ती गाठीकडे वळली. गाठ साधीच होती, पण तिने ती सावकाश मारली. एक पदर वर, दुसरा खाली. डोळे गाठीवरून हलू दिले नाहीत.

शेजारी श्वास थांबलेला तिला ऐकू आला.

दलेंदाने आयुष्यात पुष्कळ मढी पाहिली होती. खाणीच्या ढिगाऱ्याखाली दबलेल्या बायका, बाळंतपणात गेलेल्या, म्हाताऱ्या. तिच्या तळव्याखाली कापूस हळूहळू ओला होत होता. तिने बोटं पसरली आणि आजूबाजूचं अंग चाचपलं. एकीकडे खांद्याचं हाड, दुसरीकडे खांद्याचं हाड, मधे पाठीचा कणा. जागा तिच्या हाताला समजली.

"आई!" बाहेरून लझहरची हाक आली. "किती वेळ अजून?"

दलेंदाने कापूस आणखी दाबला.

"आई?"

"येतेय," मनूबियाने उत्तर दिलं. "वेण्या राहिल्यात."

दलेंदाचा हात चादरीखालीच होता. ती अगदी खालच्या आवाजात, जणू हेंदाला ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाली, "पळत होती गं."

मनूबियाने गाठ आवळली. "आता सोडलास तरी चालेल."

हात लगेच आला नाही.

शेवटच्या पाण्यात कापूर घातला. अंग पुसून कोरडं केलं. दलेंदा डोक्याशी बसली आणि वेण्या घालू लागली. पहिली वेणी तिने दोनदा सोडली. दुसरी घालताना तिच्या नाकाच्या शेंड्यावर पाणी आलं, ते तिने खांद्याला पुसलं आणि मनगटाने केस बाजूला केले. तिसरी नीट आली. मनूबियाने नारिंगीच्या फुलांचं पाणी शिंपडलं. कफनाची पाचही वस्त्रं एकावर एक चढवली. पट्टी आणि तो पांढरा कापूस कोपऱ्यात पडले होते. दलेंदाने ते उचलले, घडी घातली आणि झग्याच्या खिशात टाकले. मनूबियाने ते पाहिलं. कोपऱ्यातलं सगळं जाळायचं असतं, हे तिने सांगितलं नाही.

पावणेबाराला चार माणसं आत आली आणि तिरडी घेऊन गेली. वनीस पुढच्या दांडीला होता. जाताना त्याने मनूबियाकडे एकदा पाहिलं. फाटकाशी दिलेला नकार तिने मान हलवून पुन्हा दिला. तो बहिणीचा कोट खांद्यावर सावरून पुढे चालू लागला. तिरडीमागे पोलिसांची रांग निघाली.

मढं धुऊन बाहेर आलेल्या बाईच्या हातांवर दुसऱ्या कुणीतरी पाणी घालायचं, अशी रीत. उंबऱ्याशी लझहर तांब्या घेऊन उभा होता. स्वतःच भरून आणला असावा. त्याची टोपी भिंतीवर ठेवलेली होती.

"चला, धुवा हात. मावशी, आधी तुम्ही."

मनूबियाने हात पुढे केले. त्याने पाणी घातलं. लहानपणी, आजीच्या अंघोळीच्या दिवशीही त्यानेच तांब्या धरला होता, तेव्हा तो जड होतो म्हणून दोन्ही हातांनी.

"फार उपकार झाले, मावशी. आई, आण हात."

दलेंदा उंबऱ्याच्या आत उभी होती. तिने आपल्या उजव्या तळव्याकडे पाहिलं. मग मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ, कपाळापासून हनुवटीपर्यंत. तापलेल्या पोराकडे पाहतात तसं.

"तू होतास तिथं?" तिने विचारलं.

"कुठं?"

"न्हाव्याच्या दुकानापाशी."

"आई, हे काय आत्ता... मी सांगितलं ना सगळं. हात आण, गाडी थांबलीय."

"तू जेवून घे," ती म्हणाली. "दोन दिवस उपाशी आहेस." आणि तिने उंबरा ओलांडला. तांब्याच्या बाजूने, पाणी न घेता.

भिंतीलगत जैतुनाच्या झाडाखाली चटईवर बायका बसल्या होत्या. चारच. त्याहून जास्त बसू देणार नाही, असं सकाळीच सांगितलं होतं. मधे रेबाह होती, हेंदाची आई. ती रडत नव्हती. आपले दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून, भट्टीने भाजलेली बोटं पाहत बसली होती. दलेंदाला येताना पाहून मबरूका उठली.

"तू कशाला आलीस इथं? तुझ्या पोराचं समाधान झालं नाही का अजून? जा, तुझ्या नव्या घरात जाऊन बस."

"मबरूका, बस खाली," रेबाह म्हणाली.

"का बसू? हिची जीप आहे, शोफर आहे..."

"बस म्हटलं ना."

दलेंदा अनवाणीच होती. चपला दाराबाहेर जोडीने तशाच राहिल्या होत्या. चटईच्या कडेला, रेबाहच्या किंचित मागे, गुडघे मोडून बसली. पलीकडे कबरीवर माती पडायला सुरुवात झाली होती. फावड्यांचा आवाज आला तशी रेबाह पुढे वाकली.

दलेंदाने हात उचलला आणि तिच्या पाठीवर ठेवला.

मनूबिया दारातून पाहत होती. सांत्वनाला बायका हात ठेवतात तो खांद्यावर, नाहीतर डोक्यावर. हा हात पाठीवर होता. दोन खांद्यांच्या मधे, डावीकडे किंचित. आणि तो फिरत नव्हता, थोपटत नव्हता. तळवा सपाट, बोटं एकत्र, दाबून धरलेला. कापूस दाबून धरावा तसा.

"आई," लझहरने हाक मारली. मग मोठ्याने, "आई, चल!" त्याच्या हातातला तांब्या तिरका झाला होता. पाणी उंबऱ्यावरून ओघळून त्याच्या बुटांपर्यंत आलं होतं, आणि त्याला ते कळलं नव्हतं.

रेबाहची पाठ हळूहळू सरळ झाली, हात मात्र त्याच जागी राहिला. तिने मान वळवून दलेंदाकडे पाहिलं. दलेंदाची नजर खाली नव्हती.

"इथं?" रेबाहने विचारलं.

दलेंदाने हात काढला नाही.